मांडवाचे सेल, ठाण्याचे सेल

सेलमामांच्या कॅमेऱ्याच्या पिशवीला दोन कप्पे होते आणि त्या दोन कप्प्यांचं आपसात बोलणंचालणं नव्हतं. उजव्या कप्प्यात मांडवाचे सेल, डाव्या कप्प्यात ठाण्याचे. मांडवाच्या सेलांना लाल टेप गुंडाळलेली, ठाण्याच्या सेलांना काळी. साक्षगंध, लग्न, बारसं, शाळेचं गॅदरिंग असलं की लाल सेल बाहेर निघायचे. पोलीस ठाण्यातून फोन आला की काळे. कुठे कोणी विहिरीत सापडलं, कुठे कोणी औषध घेतलं, कुठे ट्रकखाली आलं, की पंचनाम्याला फोटो लागतात. आणि आमच्या आर्णीत ठाण्याला सगळ्यात जवळचा फोटोवाला म्हणजे सेलमामा. उजवा हात उजव्या कप्प्यात आणि डावा हात डाव्यात, इतका त्यांचा नेम पक्का होता.

त्यांचा फोटो स्टुडिओ आणि माझं ब्यूटी पार्लर एकाला एक लागून, मध्ये फक्त एक विटांची भिंत. नवऱ्या आधी माझ्याकडे यायच्या आणि मग त्यांच्याकडे जायच्या. लोडशेडिंगचे दिवस होते. वीज कधी जाईल ते ठाऊक असायचं, पण येईल कधी ते खुद्द वीज मंडळालाही ठाऊक नसावं. माझ्या नवऱ्याने मला इन्व्हर्टर बसवून दिला होता आणि मामांकडे तो नव्हता. त्यामुळे मामांचा चार्जर माझ्या आरशाखाली, लिपस्टिकच्या डब्याशेजारी राहायला आला. लाल दिवा म्हणजे सेल भरतो आहे, हिरवा म्हणजे भरला. माझ्या कित्येक नवऱ्या त्या दिव्यांकडे बघत बसलेल्या मला आठवतात. भाडं म्हणून मामा रोज सकाळी माझ्या पार्लरपुढे पाणी शिंपडायचे. मी नको म्हटलं की म्हणायचे, "तुमचा करंट खातो न, वहिनी."

पेन्सिल सेल कसा निवडावा यावर मामा अख्खी दुपार बोलू शकत. ऐकणारा भेटला नाही तर मी होतेच. त्यांच्या मते बाजारातले निम्मे सेल थापाडे होते. "आकडा कव्हरवर असते वहिनी, करंट पोटात असते," हे त्यांचं लाडकं वाक्य. ज्याच्यावर सगळ्यात मोठा आकडा छापला तो सेल ते हातातही घेत नसत. नवीन सेल आणले की चारही एकाच दुकानातले, एकाच दिवशीचे, एकाच कंपनीचे. ते सख्खे भाऊ. त्यांना तीनदा भरायचं, तीनदा रिकामं करायचं, मगच मांडवात न्यायचं. झटपट भरणारा चार्जर त्यांना चालत नसे. सेल भरून झाला की ते तो गालाला लावून बघत. कोमट असला तर ठीक, चटका बसला तर चार्जरला शिव्या. त्यांच्या डाव्या गालावर दाढी कमी उगवते ती याच्यामुळेच, असं मी म्हणायची, आणि ते खरंच आरशात वळून बघायचे.

एक गोष्ट मात्र ते थट्टेवारी नेऊ देत नसत. एका संचातला सेल दुसऱ्या संचात कधी जायचा नाही. "चारातला एक मेलेला असला तं तो बाकीच्या तिघाईले ओढते. फ्लॅशले काय समजते? तो म्हणते चार हायेत, द्या करंट. मेलेला देत नाही, वरतून जित्यायचंच खाते." हे सांगताना त्यांचा आवाज खाली यायचा. फ्लॅशमध्ये मिसळलेले सेल घातले की चारही जातात, हा त्यांच्यापुरता निसर्गनियम होता.

मांडवाला चार्जेबल सेल आणि ठाण्याला दुकानातले महागाचे, एकदा वापरून फेकायचे, असा त्यांचा हिशेब होता. मी एकदा विचारलं, असं काहून? तर म्हणाले, "चार्जेबल सेल कामाचा गडी हाय. रोज कामाले लावा, वर्षानुवर्ष चालते. पण रिकामा बसला की बसल्या बसल्याच उतरते. लग्नाची तारीख आपल्याले माहीत राहते, आदल्या दिवशी भरता येते. ठाण्याचं काम कवा येईन कोणाले माहीत? दोन-दोन महिने येतबी नाही. तवा तिथं बसून राहणारा सेल पाहिजे." मला ते पटलं. मरणाला चार्जिंग करून ठेवता येत नाही, एवढंच मी त्यातून घेतलं आणि माझ्या कामाला लागले.

लाल-काळ्या टेपेमागे मात्र चार्जिंगचं कारण नव्हतं. नवरीच्या आया मांडवात मामांना गाठून हळूच विचारायच्या, "मामा, लालच हाय न?" मामा फ्लॅशचं झाकण उघडून दाखवायचे, बाईचा जीव भांड्यात पडायचा. मयताच्या तोंडावर पडलेला उजेड आपल्या पोरीच्या तोंडावर पडू नये, एवढं तिचं म्हणणं. मामांचे वडील दीक्षा घेऊन आलेले, घरातले देव एका दुपारी टोपल्यात घालून नदीला नेऊन सोडलेले. शकुन-अपशकुन, बाहेरचं-आतलं, हे मामांच्या घरात कोणी उच्चारतही नसे. म्हणून मी एकदा त्यांना चांगलंच टोचलं. म्हटलं, "मामा, भिंतीवरच्या बुद्धाखाली बसून तुम्ही तं सेलाईच्या जाती पाडल्या." मामा डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. मग टेप हातात फिरवत म्हणाले, "जात माह्या मनात नाही वहिनी. लोकाच्या मनात हाय. अन् मले त्याईच्याच मांडवात उभं राहाचं असते."

फोटो काढण्याआधी सांगायची त्यांची एक रीत होती. नवरी असो, रांगेत उभा पासपोर्टवाला असो, रडणारं लेकरू असो, बटण दाबण्याआधी ते म्हणत, "उजेड पडन, डोळे मिटू नका." ठाण्याचे एक जमादार आपल्या बायकोला घेऊन माझ्याकडे यायचे. त्यांनी मला सांगितलं की मामा पंचनाम्यालाही तसंच करतात. चादर बाजूला झाली की खाली वाकून हलक्या आवाजात म्हणतात, "उजेड पडन, भाऊ." मग बटण. पहिल्यांदा जमादारांना हसू आलं होतं. नंतर ते टोपी काढून उभे राहायला लागले.

मग ती वर्षं आली. कापसाची वर्षं म्हटलं की आमच्याकडे आणखी काही सांगावं लागत नाही. वेचणीचे दिवस होते. मी जेवून पार्लर उघडलं आणि आरशाखाली बघते तर चार्जरमध्ये चार सेल, चारही काळ्या टेपेचे. समोर खुर्चीत एक मुलगी मेहंदी वाळवत बसायला येणार होती, तिची आई सोबत असणार होती. माझं डोकं फिरलं. भिंतीवर थाप मारून मामांना बोलावलं. "मामा, हे इथं कायले? हे तं फेकाचे सेल होते न तुमचे? नवरीच्या आरशापुढे ठाण्याचे सेल मांडून राह्यले तुम्ही?"

मामा दारातच उभे राहिले. आत आले नाहीत. म्हणाले, "ते फेकाचे आता पुरत नाहीत, वहिनी. म्हणून चार्जेबल घेतले. ठाण्याचे सेल आता रिकामे बसत नाहीत."

मी खुर्चीवर बसले. नवरीसाठी ठेवलेल्या खुर्चीवरच बसले. पेपरात रोज काय येत होतं ते मी वाचत होते, टीव्हीवाले येऊन जात होते, मंत्री येऊन जात होते. पण मला ते खरं कळलं ते त्या चार सेलांकडे बघून. मी चार्जर उचलला आणि मागच्या खोलीत, साड्या बदलायच्या पडद्यामागे, नेऊन ठेवला. मामांनी मान हलवली. तेव्हापासून मांडवाचे सेल आरशाखाली आणि ठाण्याचे पडद्यामागे, अशी व्यवस्था झाली. पडद्याच्या खालून लाल उजेड दिसायचा. संध्याकाळी दुकान बंद करताना मी आधी तिकडे बघायची. दिवा लाल असला की माझं जेवणावरचं मन उडायचं, कारण भरताहेत म्हणजे आज वापरले गेले आहेत. त्या हंगामात तो दिवा मी फार वेळा लाल बघितला.

मामांची बायको लवकर गेली होती. एकच मुलगी, सुषमा. तिच्या वेण्या मीच घातल्या, तिची पहिली साडी मीच नेसवून दिली. शांत, डोळ्यांनी हसणारी पोर. बापासारखाच सेल गालाला लावून बघायची. तिला स्थळ आलं ते जवळच्याच खेड्यातलं. मुलगा कापूस संकलन केंद्रावर मापारी होता. काट्यावर उभा राहून गाड्यांचं वजन बघायचं, ओला आहे की कोरडा ते हाताने चाचपायचं, असं काम. दिसायला चांगला, बोलायला नरम. मुलाची आई मात्र रोखठोक बाई. बोलणी ठरताना तिने एकच गोष्ट मागितली. मामांना म्हणाली, "भाऊ, हुंडा नको, मानपान नको. पण तुमचं ते ठाण्याचं काम हाय न, त्यातलं काही माह्या पोराच्या मांडवात येऊ नाही पाहिजे."

तिच्याही भिंतीवर तोच बुद्ध होता. मामांनी एकदा वर बघितलं आणि म्हणाले, "नाही येणार. माही जबान."

सुषमासाठी तेव्हा मामांनी काहीही कबूल केलं असतं. आई नसलेली पोर चांगल्या घरी पडावी आणि तिच्या सासूच्या मनात पहिल्या दिवसापासून काही अढी नसावी, याशिवाय त्या माणसाला दुसरं काही नको होतं. रोज पाणी शिंपडताना ते मला विचारत, "बाई चांगली वाटते न, वहिनी?" मी रोज हो म्हणायची.

लग्न विहारासमोरच्या मोकळ्या जागेत होतं. मुलीचा बाप कॅमेरा घेऊन कसा फिरणार? म्हणून मामांनी दिग्रसच्या एका फोटोग्राफरला सांगितलं. तो आला तोच मोठ्या आकड्याचे नवे कोरे सेल घेऊन. मामांनी एक सेल हातात घेतला, नुसतं तळहातावर उडवून बघितला आणि माझ्याकडे बघून डोळे मिटले. पण पाहुणा माणूस, बोलणार काय? वंदना सुरू व्हायच्या आतच त्याच्या फ्लॅशने मान टाकली. मामांनी आपले लाल सेल दिले. ते आदल्या दिवशी हळदीला वापरलेले, आणि नेमका माझा इन्व्हर्टर बंद पडलेला. नंतर वीजही पुरती आली नव्हती. मंडपाला हिरवं-पिवळं कापड, त्यामुळे फ्लॅशशिवाय सगळ्यांचे चेहरे कावीळ झाल्यासारखे दिसत होते. वंदना झाली, हार ताटात आले, भन्तेजी थांबलेले, पांढऱ्या साडीत सुषमा मान खाली घालून उभी, आणि लाल सेलही संपले.

मी म्हटलं, "मामा, नाक्यावरून साधे सेल आणते."

"साध्यावर दोन फोटो निघतात वहिनी, तिसऱ्याले फ्लॅश बसते. माह्या पोरीचं लग्न दोन फोटोचं हाय का?" मग इकडेतिकडे बघून आणखी खालच्या आवाजात म्हणाले, "पडद्यामागचे भरेल हायेत. इन्व्हर्टर जायच्या आधीचे. आणा."

दिलेला शब्द आणि हातातला धंदा यांच्यात तो माणूस उभा होता, आणि त्या घटकेला त्याच्यातला फोटोवाला बापापेक्षा मोठा झाला. की बापच होता तो? पोरीचा तो एक क्षण अंधारा राहू नये म्हणून तडफडणारा? मला अजूनही ठरवता येत नाही. पार्लर दोन गल्ल्या पलीकडे होतं. मी धावत जाऊन सेल आणले आणि मंडपामागे टेपेचं टोक नखाने सोडवायला लागले. मामांनी माझा हात धरला. "टेप नका काढू. काढली तं मांगून कोणते कोणते कसे समजन? संच मिसळन." सगळ्या जगाने त्या दिवशी त्यांना माफ केलं असतं, पण संच मिसळलेला त्यांनी स्वतःला माफ केला नसता. असा तो माणूस.

दिग्रसवाल्याने फ्लॅशचं झाकण उघडलं ते नेमकं वरमाईच्या पुढ्यात. चार काळे सेल एकामागून एक आत गेले. ती बघत होती. तिने पदर सारखा केला आणि मुलाच्या मागे जाऊन उभी राहिली. हार पडले, टाळ्या वाजल्या, फ्लॅश एकदाही चुकला नाही. त्या लग्नाचे फोटो मामांच्या उभ्या आयुष्यातले सगळ्यात चांगले फोटो होते, जरी त्यांनी स्वतः काढलेले नव्हते तरी.

पहिलं वर्ष चांगलं गेलं. जावई सायकलवर यायचा, मामांसोबत सेल बघत बसायचा. दुसऱ्या वर्षी त्याचं येणं कमी झालं. केंद्रावर गाड्यांच्या रांगा लागत, लोक रात्रंदिवस थांबत, आणि शेवटी काट्यावर उभा असलेला हा पोरगा त्यांना सांगायचा, माल ओला आहे, भाव बसणार नाही, परत न्या. हुकूम वरचा, तोंड याचं. समोर उभे असायचे ते याचेच काका, याचेच शाळेतले गुरुजी, याच्याच गावचे. त्यातले काही पुढे मामांच्या फ्लॅशपुढे आले. एकदा तो मामांना म्हणाला होता, "बाबा, तुम्ही ज्याचे फोटो काढता न, त्याच्या कापसाले मी आदल्या आठवड्यात हात लावेल राहते." मामांनी हे मला सांगितलं तेव्हा ते बराच वेळ पिशवीच्या बंदाशी खेळत होते. त्यानंतरच्या पोळ्याच्या सुमारास जावयाने फवारणीचं औषध घेतलं. घरातल्यांना तो गोठ्यामागे सापडला.

ठाण्यातून सवयीने मामांनाच फोन लागला. जमादारांना कळलं तेव्हा ते स्वतः म्हणाले, "मामा, तुम्ही राहू द्या, मी दारव्ह्याहून दुसरा बोलावतो." मामा ऐकेनात. "दुसऱ्याच्या हातानं वाकडा निघन," म्हणाले. मी सुषमासाठी गेले होते, म्हणून मी ते बघितलं. त्याला अंगणात आणून ठेवलं होतं, दुपारचं ऊन होतं. मामांनी कॅमेऱ्यावरचा फ्लॅश काढून पिशवीत ठेवला. "उजेड पडन" म्हणाले नाहीत. उन्हातच चारी बाजूंनी फोटो घेतले, एकही वाकडा नाही. ते काम आटोपून सरळ उभे राहिले, तेव्हा ओट्यावर बसलेली विहीणबाई बोलली. रडत नव्हती. अगदी साध्या आवाजात म्हणाली, "आज काहून नाही लावला फ्लॅश? लग्नात तं लावला होता."

अंगणात किती माणसं होती, कोणी तिला गप्प केलं नाही. मीही नाही. आई होती ती, तिचा ताजा घाव होता. मामांनी हात जोडले आणि पिशवी उचलली.

मी आजही सांगते, त्या पोराला सेलांनी नाही मारलं. त्याला कशाने मारलं ते आमच्या जिल्ह्यात लहान लेकरालाही ठाऊक आहे. पण ते वाक्य गावभर झालं. मामांना लग्नाची कामं मिळेनाशी झाली, याचं त्यांना काही वाटलं नाही. खरा घाव दुसरीकडे होता. सुषमा माहेरी परत आली आणि तिने ते वाक्य सोबत आणलं. ती खात नव्हती, बोलत नव्हती. माझ्या मागच्या खोलीत, त्या पडद्याशेजारी, भिंतीला टेकून बसायची. चार्जरचा दिवा लागला की तोंड फिरवायची. मी तिला नाना परीने समजावलं, रागावलेदेखील. तिला खरं म्हणजे नवऱ्याचं मरण नुसतं सोसायचं नव्हतं, ते आपल्या अंगावरच्या उजेडाने आलं की काय, हे तिला कळायचं होतं. पोर दिवसेंदिवस वाळत चालली होती. मला भीती वाटायची की औषधाच्या डब्याकडे हिचाही हात जाईल. मामांनी घरातला ढेकणांचा फवारासुद्धा फेकून दिला होता.

एका सकाळी तिने बापाला विचारलंच. मी एका नवरीचे केस धुऊन तिला घरी पाठवलं होतं आणि हात पुसत होते. "बाबा, खरं सांगा. सेलाचं काही असते का?"

मामा उठले. बाहेर गेले आणि पिशवी घेऊन आले. मागच्या खोलीत जमिनीवर पेपर अंथरला, उजव्या कप्प्यातून चार लाल काढले, डाव्यातून चार काळे. खाली मांडी घालून बसले आणि एकेका सेलाची टेप सोलायला लागले. मी आजन्म त्यांना टेप लावतानाच बघितलं होतं. आठही सेल उघडे झाले. एकाच कंपनीचे, एकाच रंगाचे. मग दोन्ही हातांनी त्यांनी ते पेपरवर भाकरीच्या पिठासारखे कालवले. "निवड बाई," सुषमाला म्हणाले, "लाल कोणते ते निवड बरं."

तिने एक उचलला, दुसरा उचलला, उलटसुलट केले. "नाही समजत."

"वहिनी, तुम्ही पाहा." मलाही समजेना. मामा म्हणाले, "मलेबी नाही सांगता येत. तुहा आजा देव टोपल्यात घालून सोडून आला, अन् आपण टेपेले भीत बसलो. करंट असते त्यात, दुसरं काही नसते." मग फ्लॅश तिच्यापुढे सरकवला. "कोणतेही चार घाल."

तिने घातले. फ्लॅश नेहमीसारखी बारीक शिटी वाजवत भरला. मामांनी तिला माझ्या आरशापुढच्या खुर्चीत बसवलं, नवरीच्या खुर्चीत. तेल नसलेले केस, भुंडं कपाळ. कॅमेरा डोळ्याला लावून ते काही वेळ तसेच थांबले. मग म्हणाले, "उजेड पडन, बाई. डोळे मिटू नको."

उजेड पडला. तिने डोळे मिटले नाहीत. त्यानंतर ती जी रडायला लागली ती माझ्या कुशीत दुपारपर्यंत रडली, आणि चार वाजता तिने स्वतः चहा मागितला. तो चहा मी कधी विसरणार नाही.

मिसळलेले सेल मामांनी पुन्हा वेगळे केले नाहीत. ठाण्याचं काम सोडलं, मांडव तर आधीच सुटले होते. दुकानापुढे खुर्ची टाकून ते उन्हात पासपोर्टचे फोटो काढायचे, फ्लॅश लावायचे नाहीत. सुषमा स्टुडिओत काम शिकायला लागली. एक दिवस ती बँकेत गेली असताना मामा मला ते आठ सेल देऊन म्हणाले, "ठेवा तुमच्या ड्रॉवरमध्ये. काही कामाचे नाहीत आता." मग जायला निघाले, आणि दारात थांबून माझ्याकडे पाठ ठेवूनच बोलले.

"मले समजत होते, वहिनी. हात लावल्याबरोबर. डोळे बांधले तरी सांगितलं असतं कोणता ठाण्याचा ते."

मी हातातला ब्रश खाली ठेवला.

"तिनं घातले न चार, त्यात दोन ठाण्याचे होते. पाहून राह्यलो होतो मी."

"मग दाबलं कसं हो, मामा?"

"दाबलं," म्हणाले. आणि मग, "तुम्हाले म्हणून सांगतो, मी तवा हे सेलाचं मानून राह्यलो होतो. बाईनं अंगणात म्हटलं न, तवापासून मानून राह्यलो होतो. माह्या बापाच्या पोटी जन्मून मानून राह्यलो होतो. दाबताना वाटलं आता ही पोट्टीबी जाते. पण नाही दाबलं असतं तं ती गेलीच असती न."

मी त्यांना खूप छळलंय, खूप हसलेय त्यांच्यावर. त्या दिवशी मी त्यांच्या पाया पडले. ते गडबडून म्हणाले, "काय करून राह्यल्या वहिनी," आणि बाहेर उन्हात जाऊन बसले.

मामा गेले त्याला आता बरीच वर्षं झाली; झोपेत गेले, पंचनाम्याची गरज पडली नाही. स्टुडिओ सुषमा चालवते. विधवा बाई नवरीचा फोटो काढते म्हणून सुरुवातीला कुरकुर झाली, ती मी माझ्या तोंडाच्या जोरावर मिटवली. ठाण्याचं कामही तीच करते. आताच्या कॅमेऱ्यांना वेगळ्या चपट्या बॅटऱ्या असतात, तिच्या पिशवीला एकच कप्पा आहे. मध्यंतरी तिच्या भिंतीवरचं घड्याळ बंद पडलं तेव्हा ती सेल मागायला माझ्याकडे आली. मी काही म्हणायच्या आत तिने ड्रॉवर उघडला, त्या आठांतला एक उचलला आणि बापासारखा गालाला लावला. तिने तो परत टाकला आणि म्हणाली, "हे तं सारेच मेलेले हायेत, काकू. नाक्यावरून नवीन आणते." ती गेल्यावर मी ड्रॉवर लावला. तिने उचललेला कोणता होता, ते तिच्या बापाला हात लावल्याबरोबर कळलं असतं. तिला कळलं नव्हतं.